शब्दचर्चा : मिथेनचे ‘उत्कलन’ की बुडबुडे? (तळटीप, ओहळ व बोरू ही सहभागींची टोपणनावे)

अनुवादिका : पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यावरील लेखाचा अनुवाद करत आहे. तेथील गोठलेली दलदल वितळत असल्याने तिच्यातील सेंद्रिय कार्बन नद्यांत उतरतो आणि सूक्ष्मजीव त्यापासून कार्बन डायऑक्साइड व मिथेन तयार करतात. हे वायू हवेत जाण्याला मी ‘नद्यांचे उत्सर्जन’ म्हटले आहे. मूळ लेखात मिथेन ‘एब्युलिशन’ने बाहेर पडतो असे म्हटले आहे. कोशात त्याला ‘उत्कलन’ आहे, परंतु संपादकांनी समासात विचारले, “नदी उकळते काय?” पर्याय सुचवावा.

तळटीप : संपादकांचा आक्षेप रास्त आहे; उत्कलनबिंदू शिकलेल्या वाचकाला वाफच आठवेल. मिथेन पाण्यात फार कमी विरघळतो, म्हणून तळच्या गाळात त्याचे बुडबुडे साठून वर सुटतात. कार्बन डायऑक्साइड मात्र सहज विरघळत असल्याने मुख्यतः पृष्ठभागावरून विसरणाने, म्हणजे बुडबुड्यांशिवाय हळूहळू पसरत, हवेत जातो. विरघळलेल्या मिथेनचा बराच भाग वाटेतच जिवाणू फस्त करतात, बुडबुडा त्यांच्या हाती लागत नाही, त्यामुळे हा भेद शब्दात उतरायलाच हवा. माझ्या मते ‘बुद्बुदन’ योग्य.

ओहळ : हा शब्द उच्चारून पाहावा, मग सुचवावा! कोकणात झऱ्याला उमाळा फुटतो; ‘मिथेनचे उमाळे’ म्हटले तर काय बिघडते?

तळटीप : उमाळ्यात सलग जोर असतो. हे बुडबुडे थांबून थांबून येतात, हवेचा दाब उतरला की अधिक. शिवाय मराठीत उमाळा मायेचाही असतो.

बोरू : मला ‘नद्यांचे उत्सर्जन’ हाच शब्दप्रयोग खटकतो. शालेय जीवशास्त्रात उत्सर्जन म्हणजे शरीराने टाकाऊ पदार्थ बाहेर टाकणे. उत्सर्जन, विसर्जन आणि धरणाच्या बातम्यांतला ‘विसर्ग’ ही सारी ‘सृज्’ धातूची भावंडे असताना ‘वायुविसर्ग’ का नको?

ओहळ : कारण नदीचा विसर्ग म्हटले की मराठी वाचक क्युसेक मोजू लागतो. ‘हरितगृह वायूंचे उत्सर्जन’ आता रूढ झाले आहे. रुळलेला शब्द व्युत्पत्तीच्या हौसेपायी उखडू नये.

बोरू : रूढी मान्य, पण ‘नद्यांचे’ ही षष्ठी नको, ‘नद्यांतून होणारे’ लिहावे. 2013 च्या एका जागतिक अंदाजानुसार नद्या-ओढ्यांतून वर्षाला सुमारे 1.8 अब्ज टन कार्बन हा कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत जातो, आणि त्यातला बराचसा मुळात जमिनीवरून आलेला असतो.

तळटीप : ‘नद्यांतून’ म्हटल्याने नदी केवळ नळी ठरते. पाणी तापले की सूक्ष्मजीवांचा वेग वाढतो आणि प्राणवायू कमी विरघळतो : 0 अंशाला लिटरमागे सुमारे 14.6 मिलिग्रॅम, 20 अंशाला 9.1. प्राणवायू नसलेल्या गाळातच मिथेन बनतो. म्हणजे वायू नदीतही घडतात, म्हणून माझ्या मते षष्ठी कायम ठेवावी.