हेलिओस विमान वर टिकले, मग खाली का मोडले?

प्रश्न
नासाच्या हेलिओस या सौरऊर्जेवर चालणाऱ्या मानवरहित विमानाने १३ ऑगस्ट २००१ रोजी हवाईतील काउआई बेटाजवळ ९६,८६३ फूट उंची गाठली. तेच विमान, काही फेरफार केल्यानंतर, २६ जून २००३ रोजी जेमतेम तीन हजार फुटांवर मोडून समुद्रात पडले. अतिविरळ हवेत तग धरलेले यंत्र एवढ्या खाली का कोसळावे?

प्रतिसाद १
खालची हवा सोपी असते, हे गृहीतकच येथे लागू होत नाही. २९ किलोमीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे एक साठांश उरते. तेथे उचल मिळवायची तर पंख अवाढव्य आणि तरीही अत्यंत हलका हवा. म्हणून हेलिओस म्हणजे जवळजवळ ७५ मीटर लांबीचा नुसता पंखच होता, त्याला ना धड ना शेपूट. जमिनीलगत त्याचा वेग दमदार सायकलस्वाराइतकाच असल्यामुळे, प्रवासी विमानाच्या खिजगणतीत नसलेला वाऱ्याचा झोतही त्याला हेलकावून टाकू शकत असे. वरचा स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा उंचावरचा थर, तुलनेने शांत असतो; खरा धोका तेथवर जाण्याच्या आणि परतण्याच्या वाटेवर असतो.

प्रतिसाद २
वरील मुद्दा योग्य आहे, पण सगळा दोष वाऱ्यावर ढकलता येणार नाही. २००१ मध्ये चौदा मोटारी आणि बाकीचा भार पंखभर विखुरलेला होता. २००३ मध्ये रात्रीही उडत राहता यावे म्हणून मध्यभागी इंधनघटाचा (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रणेचा) जड संच टांगला, दोन्ही बाजूंना हायड्रोजनच्या टाक्या बसवल्या आणि मोटारी दहावर आणल्या. उचल सर्वत्र सारखी, वजन मात्र ठरावीक ठिकाणी, अशी ती रचना झाली. खळबळलेल्या हवेत शिरल्यावर पंखाची टोके प्रमाणाबाहेर वर वाकली आणि तशीच राहिली. त्या आकारात विमानाचे नाक वरखाली होऊ लागले, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला, वेग मर्यादेच्या कितीतरी पुढे गेला आणि पंखावरचे आवरण सौरपट्ट्यांसह फाटून निघाले. पंखाचे वाकणे, हवेचे बल आणि नियंत्रणप्रणाली यांचा परस्परांवरील परिणाम तेव्हाच्या विश्लेषणपद्धतींना नीट पकडता आला नव्हता, असे चौकशी मंडळाने नोंदवले.

प्रश्नकर्ता
मग टप्प्याटप्प्याने चाचण्या घेऊन हे आधी कळले नसते का?

प्रतिसाद ३
टप्पे होतेच. हेलिओसच्या आधीच्या पाथफाइंडर या सौरविमानाने १९९७ मध्ये ७१,५३० फूट गाठले, पाथफाइंडर प्लसने १९९८ मध्ये ८०,२०१, आणि मग हेलिओसची पाळी आली. मात्र ही चढण उंचीची होती, भाराच्या मांडणीची नव्हे. भाराची जागा बदलली की उड्डाणाच्या वर्तनापुरते ते नवे विमान ठरते, म्हणून जुन्या विक्रमाच्या भरवशावर न राहता पंख किती वाकला की स्थैर्य जाते आणि त्यातून सावरायचे कसे, हे पुन्हा तळापासून तपासावे लागते.