ट्रेकसाठी हॅण्डहेल्ड जीपीएस घ्यावा का?

घोडबंदरकर: पाऊस ओसरला की माहुली किल्ल्यावर जायचंय, वर धुकं असलं की दहा फुटांवरचं दिसत नाही आणि मोबाईलची बॅटरी दुपारीच मान टाकते. गार्मिनचा ईट्रेक्स २२एक्स, म्हणजे हातात धरायचं जीपीएस यंत्र, बघतोय, पण घरचे म्हणतात मोबाईल असताना हे कशाला?

ऐरोलीचा भटक्या: घे रे बिनधास्त. दोन डबल ए सेलवर २५ तासांपर्यंत चालतो, बटणं आहेत त्यामुळे ओल्या हातानेही दाबता येतात, टचस्क्रीन पावसात वेड्यासारखी करते. ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला फुकट नकाशा) नकाशा टाक आणि गावातून निघतानाच ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, चालू कर, म्हणजे येताना त्याच रेषेवरून उतरता येतं. कड्याखाली, घळीत पोझिशन इकडेतिकडे उडते हां, तिथे स्क्रीन सोड आणि पायवाट बघ.

कळवेकर: आणि परदेशातून कोणी गार्मिनचंच इनरीच आणून देतो म्हणालं तर नको म्हण, सॅटेलाईटवरून मेसेज पाठवणारी यंत्रं आपल्याकडे परवानगीशिवाय चालत नाहीत, एअरपोर्टवरच अडकशील. ईट्रेक्स नुसता सिग्नल पकडतो, मेसेज पाठवत नाही.

घोडबंदरकर: बरं झालं सांगितलंत! मित्राने पाठवलेले वाटेवरच्या जागांचे पॉईंट चालतील ना यात?

ऐरोलीचा भटक्या: जीपीएक्स फाईल (पॉईंट आणि ट्रॅक साठवायची फाईल) माग, केबलने टाकता येते. हाताने अक्षांश-रेखांशाचे आकडे टाकणार असशील तर ते कुठल्या फॉरमॅटमध्ये लिहिलेत ते आधी बघ, नुसत्या डिग्री की डिग्री-मिनिटं यात घोळ झाला तर दुसऱ्याच डोंगरावर जाशील.