शाळेच्या लॅबमधल्या २४ पीसींवर ओरिजिनल सॉफ्टवेअर कसं टाकू? बजेट ४० हजार

खडूफळा: नमस्कार मंडळी. अनुदानित शाळा आहे, आठवी ते बारावी. लॅबमध्ये २४ पीसी, एकेका पीसीवर दिवसभरात पाचसहा वर्गांची पोरं बसून जातात. आधीच्या व्हेंडरने सगळं क्रॅक टाकून दिलेलं, आता नवीन मुख्याध्यापिका म्हणतात ओरिजिनल आणा नाहीतर लॅबला कुलूप. ऑफिस पाहिजे, बारावी कॉमर्सला टॅली, आणि चित्रकलेच्या सरांना फोटोशॉप. बजेट ४० हजार, त्यातच सगळं. मी गणितपण शिकवतो त्यामुळे एकेका पीसीवर जाऊन बसायला वेळ नाही.

सर्व्हरवाला_नाशिक: आधी एक चांगला सर्व्हर घ्या, डोमेन बनवा म्हणजे सगळे पीसी एका ताब्यात येतात, मग ग्रुप पॉलिसीने सगळीकडे एका झटक्यात जातं. आमच्या कॉलेजात मीच केलंय, दोन लाखात झकास काम झालं.

खडूफळा: दादा बजेट ४० हजार आहे.

सर्व्हरवाला_नाशिक: हो वाचलं की. संस्थेला सांगा.

टॅलीताई: टॅलीला एक रुपया घालू नका सर! एज्युकेशनल मोडमध्ये लायसन्सशिवाय चालतं, फक्त एंट्रीला १, २ आणि ३१ एवढ्याच तारखा मिळतात. पोरांना शिकायला काय फरक पडतो, आमच्या क्लासमध्ये सगळ्या खरेदी-विक्री १ तारखेलाच होतात 😄

लेजर_बुक: ताई, पण बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे वहीचा आणि बँकेचा हिशोब जुळवणं, शिकवताना बोंब होते ना. सगळे चेक १ तारखेला टाकले आणि २ तारखेला वटले असं किती दिवस सांगणार. टॅलीचं गोल्ड लायसन्स घ्या, एकच लायसन्स लॅनवर सगळ्यांना चालतं.

पेंग्विन_पंढरी: लिनक्स टाका विषय संपला. केरळच्या सरकारी शाळा केव्हाच गेल्या, तिथल्या शाळांचं तंत्रज्ञान बघणाऱ्या काईट या सरकारी संस्थेची स्वतःची लिनक्स आहे. लिब्रेऑफिस, गिंप, इंकस्केप, जिओजेब्रा सगळं फुकट. आपल्याकडे मात्र पोरांना फुकटात मिळतं ते नको आणि चोरलेलं चालतं.

टॅलीताई: आणि टॅली काय पंढरपुरात चालवायची का? विंडोजवरच येते ती.

लॅब_मावशी: खडूफळा सर, जरा नीट वाचा, मी हेच काम करते. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसचा ए१ प्लॅन शाळांना फुकट आहे पण ते ब्राउझरमध्येच, नेट गेलं की वर्ग बसून. पीसीवर टाकायचं ऑफिस ए३ मध्ये येतं, आणि ते घेतलंत तर ऑफिस डिप्लॉयमेंट टूलच्या एक्सएमएल फाईलमध्ये शेअर्ड कॉम्प्युटर लायसन्सिंग (एका पीसीवर अनेकांनी बसायची सोय) १ करून टाका, नाहीतर प्रत्येक पोराच्या अकाउंटला पाच पीसींची मर्यादा असते आणि आज इथे उद्या तिथे बसला की ती संपते. अकाउंट नको असतील तर ऑफिसचं एकदाच पैसे भरायचं व्हर्जन, एलटीएससी, घ्या. त्याच्या अ‍ॅक्टिव्हेशन की दोन तऱ्हेच्या, मॅक (एमएके, अ‍ॅपलचा मॅक नव्हे) आणि केएमएस. मॅकला अ‍ॅक्टिव्हेशन मोजून मिळतात, दर सुट्टीत लॅब घोस्ट केलीत, म्हणजे एका पीसीची नक्कल सगळ्यांवर नव्याने टाकलीत, तर तेवढी खर्ची पडतात. केएमएसला ती भानगड नाही पण बाकीच्यांना अ‍ॅक्टिव्हेट करायला एक पीसी होस्ट म्हणून लागतो.

सर्व्हरवाला_नाशिक: केएमएसला कमीत कमी २५ पीसी लागतात. यांच्याकडे २४.

लॅब_मावशी: ते विंडोजला. ऑफिसला ५ पुरतात. आणि क्लार्कचा पीसी धरला तर २५ पण होतात.

सर्व्हरवाला_नाशिक: क्लार्क देणारे का?

बीडकर_सर: आमच्या लॅबला डीप फ्रीज आहे, रीस्टार्ट केलं की पीसी होता तसा करणारं सॉफ्टवेअर, एक नंबर. पण टेक्निशियनने फ्रीज न काढता सॉफ्टवेअर टाकलं, अ‍ॅक्टिव्हेट केलं, बिल घेऊन गेला. पीसी रीस्टार्ट केला तर सगळं गायब 😡 फोन उचलत नाही. आधी थॉ करायचं म्हणजे फ्रीज काढायचं, टाकायचं, अ‍ॅक्टिव्हेट करायचं, मग फ्रीज. आणि विंडोज १० असेल तर आधी ते बघा, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपलाय.

सस्तात_मस्त: इतकं कशाला, ऑनलाइन ५०० रुपयांत ऑफिसची की मिळते. माझी दोन वर्षं चालली.

लॅब_मावशी: आणि मग?

सस्तात_मस्त: मग बंद पडली. पण ५०० च गेले ना.

कुंचला: फोटोशॉपचं कुणी बोललंच नाही. लॅबसाठी शेअर्ड डिव्हाइस लायसन्स असतं, लायसन्स मोजतात पीसीवर, तरी पोराला स्वतःच्या आयडीने आत जावं लागतंच. २४ पीसींचं पैशांचं बघा म्हणजे झोप उडेल. अ‍ॅडोबी एक्सप्रेस शाळांना फुकट आहे, नववीच्या पोस्टरला तेवढं बास.

पेंग्विन_पंढरी: किंवा चित्रं काढायला क्रिटा. मी मघाशीच म्हणालो, फुकट.

गावची_लाईट: क्लोनझिला वापरा, एक पीसी तयार करायचा आणि बाकी २३ वर छापायचा. विंडोज प्रत्येकाचं वेगळं अ‍ॅक्टिव्हेट असायला हवं, इमेज म्हणजे पीसीची नक्कल घ्यायच्या आधी सिसप्रेप मारा, विंडोजचं टूल आहे, त्या पीसीची ओळख पुसतं. आणि यूपीएस बघून घ्या, आमच्याकडे इमेज चालू असताना लाईट गेली.

लेजर_बुक: टॅली गोल्ड घ्या.

खडूफळा: सगळ्यांचे आभार. मुख्याध्यापिका बाईंशी बोललो. ठरलं असं: एलटीएससी फक्त कॉमर्सच्या ८ पीसींना, मॅक की वापरून. बाकी १६ ला लिब्रेऑफिस. टॅली एज्युकेशनल. फोटोशॉप नाही, सर रुसलेत. आणि उरलेल्या पैशांत एसएसडी (जलद डिस्क), कारण पीसी चालू व्हायलाच अर्धा तास जातो. सुट्टीत क्लोनझिला करतो.

लॅब_मावशी: सर एकाच लॅबमध्ये दोन ऑफिस ठेवू नका हो. पोरं भांडतात त्या ८ पीसींसाठी, आणि लिब्रेमधून नेलेल्या फाईलची मांडणी तिकडे हलते.

पेंग्विन_पंढरी: २४ ला लिब्रे का नाही??

सर्व्हरवाला_नाशिक: आणि सर्व्हर?

खडूफळा: एसएसडी काल मागवल्या. कुठल्या ते विचारू नका, परत चाळीस रिप्लाय येतील.

सस्तात_मस्त: कुठल्या घेतल्या?