'पाइल-अप'ला मराठीत काय म्हणायचे? म्हापसा, फोंडा, डिचोली इथल्या तिघांचे बोलणे

म्हापसा : नववी-दहावीच्या मुलांसमोर बोलायचे आहे. विषय जिनिव्हाजवळचा 27 किलोमीटर घेराचा, प्रोटॉन एकमेकांवर आदळवणारा एलएचसी आणि टकरींतून निघालेले कण टिपणाऱ्या तिथल्या सीएमएस डिटेक्टरची डागडुजी. 'ल्युमिनॉसिटी' तशीच ठेवतोय. 'दीप्ती' म्हटले की मुले दिवा शोधणार, आणि इथे उजेडाचा संबंधच नाही, टकरी किती होऊ शकतात त्याचे ते माप. अडलोय 'पाइल-अप'पाशी. प्रोटॉनांचे दोन पुंजके समोरासमोर आले की एकाच वेळी बऱ्याच टकरी होतात, पुढच्या टप्प्यात त्या 200 पर्यंत जातील. 'ढीग' चालेल?

फोंडा : ढीग नको, सर. ढीग नारळांचा, वरचा उचलला की खालचा दिसतो. 'सरमिसळ' म्हणा. आणि 'डागडुजी'सुद्धा नको. डागडुजी गळक्या कौलांची करतात. इथे किरणोत्साराने झिजलेला सिलिकॉनचा ट्रॅकर, म्हणजे कणांची वाट टिपणारा भाग, आख्खा बाहेर काढून नवा बसवायचा आहे.

डिचोली : सरमिसळ हा परिणाम झाला. कारण 'दाटी'. चोडणची फेरीबोट आठवा. रायबंदरला फळी पडली की स्कूटर, सायकली, टोपल्या, माणसे सगळी एकदम सुटतात. कोण कोणाबरोबर आले ते काठावरून सांगता येत नाही. मात्र एका स्कूटरवरची नवरा-बायको फळीवर एकाच क्षणी येतात. सीएमएसमध्ये हीच युक्ती. नवा थर कणांची वेळ सुरुवातीला 30-40 पिकोसेकंदांपर्यंत टिपणार. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. जागेने एकमेकींना चिकटलेल्या टकरी मग वेळेने सुट्या होतात.

म्हापसा : 'दाटी' पटला. 'टक्करदाटी' करू?

फोंडा : जीभ अडखळते. 'टकरींची दाटी' पुरे. आता 'ट्रिगर'चे, म्हणजे कुठल्या टकरींची नोंद ठेवायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेचे सांगा. 'चाप' म्हटले की बंदूकच डोळ्यांसमोर येते. पुंजक्यांच्या सेकंदाला 4 कोटी भेटी, त्यांतून पहिल्या पायरीवर आजवर सुमारे 1 लाख ठेवत, पुढे साडेसात लाख ठेवणार. 'निवड' म्हणू?

डिचोली : निवडणे हे दुपारी ओटीवर बसून, गप्पा मारत करायचे काम. इथे हवे-नको ठरवायला 12.5 मायक्रोसेकंद. सूप एकदा उडवले की कोंडा गेला, दाणा राहिला, तसे. मी 'पाखडणी' लिहीन.