सॅमनच्या एशियन चवीच्या पॅटीज तव्यावर फुटतात, काय करू?

फोंडेकरीण: मंडळी, मदत हवीय. मासेमारी बंदी चालू आहे, ३१ जुलैपर्यंत ताजं नुस्तं (मासळी) नीट मिळायचं नाही, म्हणून पणजीहून फ्रोजन सॅमनचं ४०० ग्रॅमचं पाकीट आणलं. लेकीला सोया, आलं, तिळाचं तेल अशा चवीच्या पॅटीज हव्या होत्या. मी आपल्या कटलेटसारखंच केलं, म्हणजे मासा उकडला, कुस्करला, बटाटा घातला, लिंबू पिळलं, रवा लावला आणि तळायला घेतलं. उलटायला गेले तर अर्धी कालथ्यावर, अर्धी तव्यावर. वाचल्या त्या कोरडीठाक, आणि सोयाची चव बटाट्याने खाल्लेली. एवढा महागाचा मासा, जीव हळहळला हो. कोणी नीट जमवलंय का? आणि बंदी उठल्यावर रावसाचं केलं तर? मासेवाला म्हणतो दोन्ही एकच.

माडाखालची: ताई, मासा उकडू नका, सगळं तिथेच बिघडलं. कच्चा मासा मीठ लावून मळला की तो स्वतःच चिकट होतो आणि तोच पॅटीस धरून ठेवतो, शिजला की ती चिकटी गेली. लिंबाचा रसही मिश्रणात नको, त्याने कच्चा मासा पांढरा पडून भुसभुशीत होतो, फक्त सालीचा कीस घाला.

मी काय करते, पाकीट रात्री फ्रीजमध्येच खाली ठेवते, सकाळी सुटलेलं पाणी ओतून देते आणि मासा स्वच्छ फडक्यात दाबून अगदी कोरडा करते (हे टाळलं तर पुढचं सगळं फुकट). कातडं काढायचं, बोट फिरवून काटे बघायचे. मग पाव भाग सुरीने पेस्ट होईपर्यंत चिरायचा, बाकीचा वाटाण्याएवढा. मिक्सर नको, गरगट होतं. त्यात एक टेबलस्पून सोया सॉस, इंचभर किसलेलं आलं, दोन लसूण पाकळ्या, कांद्याची पात, हिरवी मिरची, अर्धं फेटलेलं अंडं आणि शिळ्या पावाचा चुरा तीन-चार चमचे. वेगळं मीठ नको, सोयात असतंच. मिनिटभर एकाच दिशेने मळा, सुरुवातीला हातातून निसटतं, मग हळूहळू बोटांना ओढ लागते आणि गोळा भांड्याची कड सोडतो, तिथे थांबा. आठ पॅटीज होतात. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मध्यम आचेवर, दर बाजूला साधारण ३ मिनिटं. कडेकडे बघत राहा, खालून फिकट रंग चढत अर्ध्यापर्यंत आला की मगच कालथा घाला.

मांडवीकाठ: तिळाचं तेल कुठलं घेतलंत? आपलं स्वयंपाकाचं फिकट तेल नव्हे, भाजक्या तिळाचं गडद तपकिरी हवं, तो वास त्याचाच. एक टीस्पून मिश्रणात पुरे, त्यात तळू नका, कडू होतं.

रावस आणि सॅमन एक नाहीत. इंग्रजीत रावसाला इंडियन सॅमन म्हणतात म्हणून घोळ होतो. रावस आपल्या समुद्रातला, मांस पांढरं, चरबी कमी. चालेल की, पण मग थाई पद्धतीने करा, सगळा मासा बारीक वाटून त्यात रेड करी पेस्ट, फिश सॉस आणि अगदी पातळ चिरलेल्या चवळीच्या शेंगा, आणि मिश्रण भांड्यात आपटून आपटून घ्या, छान लवचिक होतं. इसवणाचंही (सुरमईचंही) होतं.

बिंबलाचं_झाड: सोबत सॉस हवाच. सोया, माडाचं व्हिनेगर आणि किसलेला माडाचा गूळ, त्यात मिरची. परसात बिंबलं (ती आंबटढाण हिरवी फळं) असतील तर व्हिनेगरऐवजी दोन बारीक चिरून घाला, इंडोनेशियातही सांबालात, म्हणजे त्यांच्या मिरचीच्या चटणीत, बिंबलं घालतात, त्यामुळे चव परकी वाटत नाही.

फोंडेकरीण: काल केल्या!! रवा नाही, बटाटा नाही, आठच्या आठ अख्ख्या उलटल्या. मळताना ती ओढ खरंच लागते हो, मला वाटलं नव्हतं. पाव भाजून त्यात तवशाच्या (काकडीच्या) चकत्या आणि एकेक पॅटीस, लेकीने तीन खाल्ल्या. शेजारच्या मावशींनी दिलेली बिंबलं सॉसमध्ये घातली, गूळ थोडा जास्त लागला. पुढच्या वेळी दुप्पट करून कच्च्याच फ्रीझरला ठेवल्या तर?

माडाखालची: वा! कच्च्या नको, मासा एकदा गोठून वितळलेला आहे. तळून, गार करून ठेवा आणि खायच्या दिवशी झाकण ठेवून मंद आचेवर आतपर्यंत गरम करा.