पीआर (जनसंपर्क) शिकतेय, पण दिवसभर कात्रणंच मोजतेय... सगळीकडे असंच असतं का?

पीआर_शिकतेय

नमस्कार मंडळी, जुने धागे चाळताना दिसलं की इथे पेपरवाले, एजन्सीवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी बीएएमएमसी (मास मीडियाची डिग्री) करून आता मुंबईतच पीआरचा डिप्लोमा करतेय, दिवसा लोअर परळला एका एजन्सीत इंटर्नशिप आणि संध्याकाळी लेक्चर, राहायला बदलापूर, त्यामुळे अभ्यास म्हणाल तर तो लोकलमध्ये, तोही बसायला मिळालं तर. बाबांना अजून वाटतं मी जाहिराती बनवायला शिकतेय आणि आईने शेजारी सांगून ठेवलंय की ती टीव्हीत आहे.

तर मुद्दा असा की कॉलेजात शिकवतात त्याचा आणि ऑफिसात चालतं त्याचा काही मेळच लागत नाहीये. लेक्चरला ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांची पीआरची चार मॉडेलं, दुतर्फी संवाद, लोकांचं ऐकून कंपनीनेही बदलायचं वगैरे. शिवाय पीआरचं काम कसं मोजावं यावरची २०१० ची बार्सिलोना तत्त्वं, त्यात स्पष्ट म्हटलंय की एव्हीई (बातमीची जागा जाहिरातीच्या दराने मोजून काढलेली किंमत) म्हणजे पीआरच्या कामाचं मोजमाप नव्हे. आणि ऑफिसात पोचल्यावर माझं पहिलं काम काय तर एव्हीई काढणं! ई-पेपर उघडायचे, क्लाएंटचं नाव शोधायचं, बातमी कापायची, रुंदी गुणिले उंची गुणिले त्या पेपरचा जाहिरातीचा दर आणि वर परत तीनने गुणायचं. म्हणजे समजा १२ बाय १५ सेंमीची बातमी आहे आणि दर चौरस सेंमीला १५०० धरला तर झाले २ लाख ७० हजार, तीनने गुणले की ८ लाख १० हजार. तीनच का विचारलं तर उत्तर मिळालं की जाहिरातीपेक्षा बातमीवर लोकांचा विश्वास जास्त म्हणून. परवाची बातमी तर अशी होती की अख्खी बातमी दुसऱ्याच कंपनीची आणि शेवटच्या परिच्छेदात "यांच्यासह" करून आमच्या क्लाएंटचं नाव, तरी कात्रण पूर्ण मोजलं, डॉसियरमध्ये (क्लाएंटला द्यायच्या कात्रणांच्या फाइलमध्ये) पूर्ण लागलं आणि क्लाएंट पण खूश.

दुपारनंतर पेपरवाल्यांना फोन. "सर मेल मिळाला का?" एवढंच विचारायचं, यादी संपेपर्यंत. एका पेपरच्या डेस्कवरच्या सरांनी ऐकवलं, "मिळाला, म्हणूनच तुमचा फोन उचलत नव्हतो."

तर हे एव्हीई सगळीकडेच चालतं का, आणि मराठी पेपरात बातमी लागायची असेल तर नक्की काय पाठवायचं ते कुणी सांगेल का, कारण आमच्याकडे इंग्लिश प्रेस नोटच तशीच्या तशी मराठीत करून ढकलतात. अजून एक, क्रायसिसवर (कंपनी संकटात सापडली की ती काय करते यावर) प्रोजेक्ट करायचंय आणि अर्ध्या वर्गाने टायलेनॉल या औषधाची केस घेतलीय, मला तीच परत नकोय, काही सुचवा.

परळचा_बंड्या

एजन्सीत आहे, बरीच वर्षं, त्यामुळे बाजू घेतोय असं वाटलं तर वाटू दे. एव्हीई चूक आहे हे आम्हालाही माहितीये गं. पण क्लाएंटकडे जो मार्केटिंगचा साहेब बसलेला असतो त्याच्या एक्सेलमध्ये एका कॉलमात जाहिरातीला किती घातले ते रुपयात असतं आणि शेजारी पीआरचा कॉलम रिकामा असला की वर्षअखेरीला आमचा रिटेनर (ठरलेली फी) कापला जातो, म्हणून तो कॉलम भरायचा हा सगळा खटाटोप. तीनच्या गुणाकाराला आधार वगैरे काही नाही, कुणीतरी लावला आणि रीत पडली, काही ठिकाणी तर पाचनेही गुणतात.

तुझ्या साहेबांशी वाद घालायला लागलीस तर एवढं एकच विचार. २०१५ च्या जूनमध्ये मॅगीच्या बातम्या रोज पहिल्या पानावर होत्या, ५ जूनला एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) माल मागे घ्यायला लावला, चॅनलवर दिवसभर तेच. त्या महिन्याचा एव्हीई काढला असता तर कंपनीचं सोनं झालं म्हणायला हवं होतं ना? १३ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाने बंदी उठवली आणि नोव्हेंबरात माल परत दुकानात आला, मधले सगळे महिने आपल्या सूत्राप्रमाणे फायद्याचे!

पण नुसता वाद घालू नकोस, इंटर्नने घातलेला वाद कुणी ऐकत नाही. डॉसियरच्या मागे स्वतःहून एक पान जोड. नाव मथळ्यात आहे की शेपटीला, आपल्या माणसाचं म्हणणं छापलंय का, आपल्याला जे लोकांपर्यंत जायला हवं होतं तेच गेलंय की भलतंच, आणि तो पेपर क्लाएंटचं गिऱ्हाईक वाचतं का. जमलं तर क्लाएंटकडून त्या आठवड्यात आलेल्या फोनांचा आकडा माग. ठाण्यातल्या एका नर्सिंग होमची एवढीशी बातमी आम्ही ठाण्याच्या पुरवणीत लावली होती, आतलं पान, खालचा कोपरा, एव्हीई सांगायलाही लाज वाटेल असा, पण त्यांच्या रिसेप्शनवाल्या ताई सांगत होत्या की लोक कात्रण हातात घेऊन येतायत. हे त्या सूत्रात कुठे बसवणार?

डेस्कवरचा

"म्हणूनच उचलत नव्हतो" म्हणणारा मी नाही पण हात जोडून त्याला अनुमोदन.

संध्याकाळी सात वाजता पानं लावायची धावपळ असते, एक जाहिरात आयत्या वेळी आली म्हणून बातम्या उडवायच्या असतात, त्यात "सर मेल मिळाला का". मिळाला हो. सकाळपासून ढिगाने मेल मिळालेत. फोन करायचाच तर दुपारी बारा ते तीनमध्ये कर आणि मेल मिळाला का विचारू नकोस, काय आहे ते दोन वाक्यांत सांग. ते दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर बातमीच नाहीये असं समज.

आता काय पाठवायचं. मजकूर मेलमध्येच टाक, युनिकोडमध्ये. पीडीएफ जोडू नकोस आणि श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप केलेली फाइल तर नकोच, उघडली की नुसती चिन्हं दिसतात आणि ती बदलत बसायला इथे कुणाला वेळ आहे. फोटो व्हॉट्सॲपवर ढकललेला चालत नाही, फुटतो, मूळ फाइल मेल कर आणि खाली डावीकडून कोण कोण उभं आहे ते नावानिशी लिही. आडनावं तपासून दे, कारण चुकली की शिव्या आम्हाला बसतात. शेवटी एक मोबाइल नंबर दे, ज्यावर आठ वाजता खरंच कुणीतरी फोन उचलेल. आणि "अग्रगण्य", "सुप्रसिद्ध", "मानाचा तुरा" काढून टाक, आम्ही नाहीतरी काढतोच.

पण हे सगळं वरवरचं झालं. खरी गोची कुठे होते ते एका नोटवरून सांगतो. एका कंपनीची सीएसआरची (समाजकार्याची) नोट आली होती. पहिला परिच्छेद कंपनी किती मोठी ते, दुसरा एमडींना किती आनंद झाला ते, तिसऱ्यात उपाध्यक्ष मॅडमनाही झालेला आनंद. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं की शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत पाण्याची टाकी आणि नळ बसवले, त्याआधी मुली घरून बाटल्या भरून आणायच्या आणि बाटली संपली की दुपारनंतर घरी जायच्या. अरे मग हीच बातमी ना! शहापूर म्हणजे जिथल्या धरणांचं पाणी मुंबई पिते तो तालुका. आमच्या रिपोर्टर पोरीने शाळेच्या बाईंना फोन लावला, त्यांच्याशी बोलली आणि बातमी चांगली चार कॉलम लागली, कंपनीचं नाव एकदा आलं. एजन्सीचा लगेच फोन, एमडींचं कोट का नाही घेतलं म्हणून!

तर मराठीत करून ढकलू नका, मराठी वाचकाला त्यात काय आहे ते आधी शोधा आणि मग लिहायला बसा. रोज आमचं एक पान तरी नीट वाच, कोण काय लिहितं ते बघ. मंत्रालय कव्हर करणाऱ्याला लिपस्टिकच्या लाँचची नोट येते, काय करायचं त्याने?

निवृत्त_चाकरमानी

रेल्वेच्या जनसंपर्क खात्यात होतो. मुली, तुझ्या प्रश्नात "क्लाएंट" बरेच वेळा आला आणि "लोक" फारसे दिसले नाहीत, राग मानू नकोस.

तुमच्या पुस्तकात आयव्ही ली, पीआरच्या सुरुवातीच्या काळातला अमेरिकन माणूस, असेलच. १९०६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात गेली, पन्नासहून जास्त माणसं गेली, तेव्हा या गृहस्थाने दडपादडपी न करता काय झालं ते लिहून पत्रकारांना दिलं आणि त्यांना जागेवर न्यायची सोय करायला लावली. पहिली प्रेस नोट म्हणून तीच सांगतात. म्हणजे हा धंदा सुरू झाला तोच रेल्वेच्या अपघातातून, जाहिरातीतून नव्हे.

तुला चांगली प्रेस नोट बघायची असेल तर रविवारच्या मेगाब्लॉकची बघ. हसू नकोस. कुठल्या लाइनवर, कुठून कुठपर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, माटुंगा ते मुलुंड जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या तर त्या कुठे कुठे थांबणार, ब्लॉकच्या आधीची शेवटची लोकल किती वाजता आणि नंतरची पहिली किती वाजता, आणि खाली दिलगिरी. एक शब्द कमी करून दाखव. लग्नाला निघालेलं अख्खं कुटुंब त्या नोटेवर विसंबून असतं, एक वेळ चुकली तर सोमवारी लोक स्टेशन मास्तरच्या केबिनमध्ये.

आणि माहिती वेळेवर दिली नाही तर काय होतं ते २००५ ला बघितलं. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला ते सगळ्यांना पाठ आहे, पण दोन दिवसांनी जुहूच्या नेहरू नगरात धरण फुटलं अशी अफवा उठून चेंगराचेंगरी झाली आणि त्यातही माणसं गेली हे फार कुणी सांगत नाही. त्याचं कात्रण कसं मोजणार?

अवांतर: सरकारी जनसंपर्कही बघून ठेव. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जागा निघतात, पालिकेतही. पगार वेळेवर होतो.

वाशीवाली

सगळे पेपर पेपर काय करताय, माझ्या टीममधल्या कुणाच्याच घरी पेपर येत नाही. आमचं निम्मं काम आता इन्फ्लुएन्सरचं आहे, कुणाला प्रॉडक्ट पाठवायचं, रीलमध्ये काय बोलायचं. तिथे पण नियम आहेत बरं का, एएससीआयने (जाहिरातवाल्यांच्या स्वनियमन संस्थेने) २०२१ मध्येच सांगितलंय की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेली पोस्ट असेल तर जाहिरात असं लिहायला हवं, आणि तरी क्लाएंट विचारतो "ते लिहायलाच हवं का, ऑर्गॅनिक वाटलं पाहिजे". म्हणजे खोटं जरा नीट बोल! मी लेबल न लावता पोस्ट जाऊच देत नाही, त्यावरून भांडणं पण झालीत.

आणि सरकारी पीआर म्हणाल तर मुंबई पोलिसांचं ट्विटर (आताचं एक्स) बघा. २०१५ च्या डिसेंबरात सुरू केलं, हेल्मेट, ड्रंकन ड्रायव्हिंग सगळं विनोदात, आणि तक्रार केली की उत्तर येतं. ते दुतर्फी मॉडेल वगैरे शोधत होतीस ना, तिथे आहे बघ थोडंफार.

डेस्कवरचा

@वाशीवाली, पेपर येत नाही हे खरं, पण तुमचा इन्फ्लुएन्सर रीलमध्ये बोट दाखवतो ते आमच्याच बातमीच्या स्क्रीनशॉटवर. असो.

गिरगावातली_काकू

मी मीडियातली नाही पण केस सुचवते, कॅडबरी २००३. माझ्या माहेरचं गिरगावात दुकान आहे म्हणून आठवतंय. ऑक्टोबर महिना, दिवाळी तोंडावर, गिफ्टचे डबे भरून ठेवलेले आणि मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या बातम्या आल्या, एफडीएने (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने) कारवाई सुरू केली. कंपनीने आधी सांगितलं की दुकानदार माल नीट ठेवत नाहीत. आता बोला! भर दिवाळीत काउंटरवर गिऱ्हाईक आम्हालाच विचारायचं, "काय हो, तुमच्याकडे अळ्या निघतात म्हणे". भाऊ इतका चिडला होता की तो डबा समोरून काढून खाली ठेवला.

मग कंपनीने "विश्वास" नावाचं काहीतरी काढलं, माणसं दुकानोदुकानी येऊन माल कुठे ठेवायचा, उन्हापासून कसा लांब ठेवायचा ते सांगायची, २००४ च्या सुरुवातीला वेष्टन बदललं, आत सील केलेलं, आणि टीव्हीवर अमिताभ बच्चन. सगळे म्हणतात अमिताभमुळे सावरलं, माझं मत विचाराल तर नवीन वेष्टनामुळे. दुकानदाराला काय, माल परत येत नाही म्हटल्यावर तो पुढे ठेवतो. पण आधी दुकानदारावर ढकललं ते आम्ही काही विसरलो नाही हो.

परळचा_बंड्या

काकू जबरदस्त. @पीआर_शिकतेय हीच घे, डोळे झाकून. टायलेनॉलचं सगळं नेटवर तयार मिळतं, १९८२, शिकागो, सात मृत्यू, तीन कोटींवर बाटल्या परत, कॉपी पेस्ट आणि खेळ खलास. इथे तुला दुकानदारांशी बोलता येईल, ती बाजू सहसा कुणी लिहीत नाही.

पीआर_शिकतेय

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना थँक्यू. कॅडबरी फायनल, मॅडमना मेसेज टाकला आणि त्यांनी लगेच हो म्हटलं. एव्हीईच्या मागे बंड्यादादांनी सांगितलेलं पान या महिन्याच्या डॉसियरला जोडून बघते, साहेबांनी काढून टाकलं तर टाकलं. डेस्कवरच्या सरांचं पटलं पण फोनची यादी मी नाही बनवत हो, ती वरून येते आणि सातच्या आधी संपव असं कुणी म्हणत नाही, तरी बारा ते तीनचं विचारून बघते. आजोबा, मेगाब्लॉकची नोट आजवर फक्त शिव्या घालायला वाचली होती, आता परत वाचते.

काकू, तुमच्या भावाशी बोलता येईल का? प्रश्न लिहून आणेन, फार वेळ नाही घेणार. आणि नाव नको असेल तर नाव नाही टाकणार.

गिरगावातली_काकू

ये की गं. पत्ता व्यनि (खाजगी मेसेज) करते. फक्त एक ते चारमध्ये जाऊ नकोस, दुकान बंद असतं आणि तो झोपलेला असतो. गणपती, दिवाळीच्या आठवड्यातही नको, तेव्हा तो माझ्याशीही बोलत नाही.