सल्ला हवाय: अठरा दिवसांच्या बाळाला गुटी, आधी तपासून घेता येईल का?

कोरेगावची माहेरवाशीण:
नमस्कार. मुलगा अठरा दिवसांचा आहे, जन्मतः 2.8 किलो. परवा आत्या (माझ्या सासूबाई) वाळव्याहून आल्या त्या गुटीचा डबा आणि सहाण घेऊनच. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, अतिविष, जायफळ, हळकुंड, सगळं आहे. त्यांची चारही पोरं यावरच वाढली, त्यामुळे नाही म्हणायला जीव होत नाही. त्यात रोज दिवेलागणीला बाळ पाय पोटाशी घेऊन तासभर रडतं, मग मलाही वाटतं द्यावी की काय. यातली कोणती काष्ठं चालतील? लॅबमधून तपासून मिळतात का?

सांगलीचा वैद्य:
ताई, मी आयुर्वेदाचाच वैद्य आहे, तरी सांगतो, आत्ता देऊ नका. लॅबमध्ये जड धातू आणि जंतू तपासतात. शिसं 10, आर्सेनिक 3, पारा 1, कॅडमियम 0.3 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग), एवढी मर्यादा वनौषधींना असते. ती अठरा दिवसांच्या बाळासाठी ठरवलेली नाही. अहवाल चांगला आला म्हणजे मालात भेसळ नाही एवढंच कळतं. बाळाला किती सोसेल ते कळत नाही. वेढ्याचंही, म्हणजे सहाणेवर मुळी किती फेऱ्या उगाळायची त्याचंही, तसंच. सहाण नवी की घासलेली, मुळी ओली की वाळकी, उगाळणाऱ्या हाताला जोर किती, तेवढं औषध कमीजास्त उतरतं. सात वेढे म्हणजे किती मिलिग्रॅम, हे मलाही सांगता येणार नाही.
वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोगाच्या गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने 1968 मध्ये वेखंड खाण्यात घालायला बंदी केली. आणि काश्यपसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या लेहाध्यायात कोणत्या बाळांना लेह (चाटण) देऊ नये तेही सांगितलंय. सरसकट द्या, असं शास्त्रही म्हणत नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणीसुद्धा नको.

कराडची आई:
माझं ऐका. लेक महिन्याची असताना न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी रात्री झोप लागावी म्हणून जायफळाचे वेढे वाढवले. पोर सहा तास उठली नाही. तळपायाला टिचक्या मारल्या तर नुसतं तोंड वाकडं करायची, स्तन तोंडात दिला तरी ओढायची नाही. पहाटे दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "काय चाटवलं?" ती बरी झाली, पण ती रात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

वाईची आजी:
मीही गुटी उगाळली आहे, नातवंडांना मात्र नाही. रडण्याचं म्हणशील तर सहाव्या आठवड्यापर्यंत वाढतं, मग तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं. दूध पाजलं की खांद्यावर घेऊन ढेकर काढ. खोबरेल तेलाने मालिश कर, पण नाका-कानात तेल घालू नको. धुरी नको, काजळ नको. मधाचं बोट तर वर्ष होईपर्यंत नकोच, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाचे हातपाय लुळे पडतात, श्वासही अडकतो. आणि आत्यांच्या हाताला काम दे, मालिश त्यांनाच करू दे.

तासगावची आशाताई:
दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तुमच्या गावची आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यायला हवी. वजन करून घ्या. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला, छाती आत ओढली गेली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर घरी काही चाटवत बसू नका. तडक दवाखाना, गाडी नसेल तर 108.

कोरेगावची माहेरवाशीण:
सगळ्यांचे मनापासून आभार. वैद्यांचं उत्तर आत्यांना वाचून दाखवलं. आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "वैद्यच नको म्हणतोय तर राहू दे." आज एकविसावा दिवस, आशाताई येऊन गेल्या, वजन 3.1 भरलं. संध्याकाळचं रडणं आहेच. आत्या त्याला पालथं मांडीवर घेऊन पाठ चोळतात, तेव्हा जरा थांबतो. डबा माळ्यावर गेला. सहाण आत्यांनी स्वच्छ धुऊन देव्हाऱ्यापाशी ठेवली, गंध उगाळायला.